खुले पत्र: काढणीची तारीख तुमची, मग उन्हाची कपात आमच्या बिलात का?

प्रति,
नाशिक जिल्ह्यात करारानं वाइन द्राक्षं घेणाऱ्या सर्व वायनरींचे व्यवस्थापन,
तसंच राज्याच्या फलोत्पादन आणि उद्योग खात्यांचे संबंधित अधिकारी

सप्रेम नमस्कार.

पुढच्या हंगामाच्या कराराचा मसुदा हातात पडला आहे. आधीच्या करारात नसलेलं एक कलम त्यात आलंय: लाल जातींच्या रसाचा पीएच (हा आकडा जितका जास्त, तितका आंबटपणा कमी) ३.७ च्या वर गेला, तर दरात टप्प्याटप्प्यानं कपात. पूर्ण दरासाठी शिराझ या लाल जातीची ब्रिक्सची, म्हणजे रसातल्या साखरेच्या प्रमाणाची, अट २३ होती, ती २४ केली आहे. आणि काढणीची तारीख वायनरी ठरवेल, हे वाक्य जिथं होतं तिथंच आहे. मसुदा एका वायनरीचा आहे. तिचं नाव मी घेत नाही, कारण शेजारच्या गावात दुसऱ्या वायनरीचे लोकही याच वळणाचं बोलून गेलेत. म्हणून पत्र सगळ्यांना.

ही तीन कलमं एकापाठोपाठ वाचून बघा. तुम्ही सांगाल तोवर आम्ही साखरेसाठी थांबायचं. फेब्रुवारीच्या उन्हात थांबलं की आंबटपणा घसरणार आणि पीएच चढणार, त्यात बागायतदाराचा काही इलाज चालत नाही. आणि तो चढला की पैसे आमचे कापायचे. हे मला मान्य नाही. फोनवर बोलून झालं, बैठकीत हात वर करून झाला. आता चारचौघांत लिहिते.

आमची बाग दिंडोरी तालुक्यात आहे. सासऱ्यांनी थॉमसन ही खाण्याची जात पिकवली. वाइनची हवा आली तेव्हा त्यांनीच अर्धी बाग बदलून शिराझ आणि शेनिन ब्लां लावली. २००८-०९ च्या मंदीनंतर वायनऱ्या बंद पडल्या, लोकांचे पैसे अडकले, आमच्या आजूबाजूच्या कित्येकांनी वाइनच्या बागा मुळासकट काढल्या. आम्ही ठेवली, आणि आज ती बाग मी बघते. खाण्याचं द्राक्ष एका व्यापाऱ्यानं नाकारलं तर दुसरा दारात येतो, नाहीतर शेवटी बेदाणा तरी होतो. शिराझचा मणी बारीक, बियांचा, जाड सालीचा. पिंपळगावच्या बाजारात तो कोण घेणार? तुम्ही नाही म्हणालात की आमचा माल फक्त खताच्या खड्ड्याचा. करार करताना ही गोष्ट तुम्हालाही ठाऊक असते.

आता मूळ मुद्दा. आपली द्राक्षं युरोपच्या उलट दिशेनं पिकतात. तिकडे ऐन उन्हाळ्यात मण्यात पाणी उतरतं, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागतो, आणि मग दिवस थंड होत जातात. द्राक्ष पिकतं ते शरदाच्या गारव्यात. आपल्याकडे सप्टेंबरात गोडी छाटणी (फळासाठीची), डिसेंबर-जानेवारीत पाणी उतरणार, आणि तिथून पुढं प्रत्येक आठवडा आधीच्यापेक्षा गरम. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास असलेल्या या पठाराला वाइन जमली ती डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींमुळे. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आला की बातमी होते, पण त्या थंडीतच मण्यातलं आम्ल टिकतं आणि सालीत रंग भरतो. ती थंडी लवकर सरली की सगळं गणित फेब्रुवारीवर येतं. आणि फेब्रुवारीचं काय झालंय ते हवामान खात्यानंच सांगितलंय: देशाच्या सरासरी कमाल तापमानात फेब्रुवारी २०२३ हा १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला, आणि सरासरी तापमानात तो मान फेब्रुवारी २०२५ नं घेतला.

उष्णतेनं साखर अडत नाही. ती भराभर चढते. मॅलिक आम्ल मात्र मण्याच्या श्वसनात जळून जातं, आणि रात्र जितकी उबदार तितकं ते लवकर जळतं. टार्टारिक आम्ल बऱ्यापैकी टिकतं, पण जमिनीतून चढलेलं पोटॅश त्याला बांधून टाकतं आणि पीएच वर सरकतो. सालीतला जांभळा रंग तर फारच नाजूक: तापमान पस्तिशीकडे गेलं की तो तयार होणं मंदावतं, तयार झालेलाही मोडतो. म्हणजे साखर पुढं पळते, रंग आणि चव मागं राहतात. ऑस्ट्रेलियात बरोसा खोऱ्यात बागेतल्या वेली मुद्दाम तापवून केलेल्या प्रयोगांत शिराझवर हेच दिसलं आहे, त्यामुळे ही शेतकऱ्याची कुरकूर समजू नका.

आमच्या बागेत ते असं दिसतं. फेब्रुवारीच्या मध्याला पश्चिमेच्या अंगाचा एक घड घ्या. ब्रिक्स मीटरवर २४ दिसतात, कागदावर द्राक्ष तयार. तोच मणी तोंडात टाकून चावा: बी अजून हिरवट, दाताखाली कडकन न फुटता चिवटपणे चेपतं, जिभेवर तुरटपणा राहतो. साल बोटांत चोळली तर डाग पडतो तो फिकट लालसर. त्याच ओळीच्या पूर्वेच्या अंगाचा, पानांच्या सावलीतला घड २२ च दाखवतो, पण बोटं जांभळी करतो. यातला वाइनला चांगला कोणता, ते तुमचा वाइनमेकर एका घोटात सांगेल. तुमचं दरपत्रक मात्र पहिल्याला जास्त पैसे देतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती कुणी मोठ्यानं बोलत नाही. साधारण २४-२५ ब्रिक्सच्या पुढं वेलीकडून मण्यात नवी साखर फारशी येत नाही. आकडा चढतो तो मुख्यतः मण्यातलं पाणी उडतं म्हणून. शिराझला ही खोड जास्तच, शेवटच्या दिवसांत मणी देठाजवळून सुरकुततो. तुम्ही "अजून चार-पाच दिवस थांबा" म्हणता तेव्हा त्या दिवसांत आमचं वजन बागेतच हवेत जातं. पैसे किलोवर. म्हणजे थांबण्याचा खर्च आमचा, वाढलेला ब्रिक्स तुमचा, आणि आता नव्या कलमानं वाढलेल्या पीएचचा दंडही आमचाच. इतका एकतर्फी हिशोब सावकारसुद्धा तोंडावर मांडत नसे.

आता तक्रारी एकेक करून.

तारीख तुम्ही ठरवता, पण ती बागेकडे बघून ठरत नाही, टाक्या कधी रिकाम्या होतात त्यावर ठरते. मला ते समजतं. सगळ्यांचा माल एकाच पंधरवड्यात तयार होतो. पूर्वी शेनिन, सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या जाती जानेवारीत उरकायच्या आणि लाल जाती फेब्रुवारीच्या शेवटी-मार्चात यायच्या. आता ऊन दोघांनाही एकत्र ढकलतं, आणि तुमच्या क्रशरसमोर रांग लागते. टाक्या कमी असणं ही तुमची अडचण आहे. ती आमच्या पीएचच्या रकान्यात का लिहिली जावी?

नमुना घेण्याची पद्धत कुठंच लिहिलेली नाही. फिल्ड ऑफिसर पोरं चांगली आहेत, पण एकेकाकडे इतक्या बागा असतात की गाडीवरून उतरून बांधाजवळच्या दोन ओळींतले मणी पिशवीत टाकायचे, हातानं चेचायचे आणि दोन थेंब काचेवर घ्यायचे, एवढाच वेळ त्यांना मिळतो. बांधावरची ओळ नेहमीच जास्त तापलेली. तेवढ्यावर अख्ख्या प्लॉटचा निकाल लागतो. वायनरीच्या गेटवर पुन्हा तपासणी होते, तिचा आकडा आम्हाला कळतो थेट बिलात. आम्लता किती होती, पीएच किती होता, हे मागितलं तर "सिस्टिममध्ये आहे" असं उत्तर येतं. मग द्या की सिस्टिममधून काढून.

पीएच कसा चढतो, यात तुमचाही हात आहे, तोही बघू. खुंट (ज्याच्या मुळांवर वेलीचं कलम करतात तो) कोणता, जात कोणती, हे करारात तुम्ही ठरवलंत. आमच्या भागात सुरुवातीला डॉगरिज या खुंटावर कलमं झाली, कारण रोपं तीच मिळत होती आणि पाणी कमी असताना वेल तग धरायची. डॉगरिज पोटॅश ओढण्यात दांडगा आहे आणि त्यानं रसाचा पीएच वाढतो, हे तुमच्या सल्लागारांना माहीत होतं. शिवाय दर फक्त ब्रिक्सवर असल्यामुळे मणी फुगल्यावर झिरो-झिरो-पन्नास हे पोटॅशचं खत सोडायची शर्यत लागते. साखर लवकर दिसावी म्हणून सोडलेलं तेच पोटॅश पुढं पीएच चढवतं. तुमच्या दराच्या पाटीनंच आम्हाला ज्या वाटेला लावलं, तिच्या टोकाला तुम्ही आता नाका उभारताय.

पानकाढणीचंही तेच. घडाला उजेड लागू दे, रंग येतो, असं सांगून दोन्ही बाजूंची पानं काढायला लावली जातात. थंड देशातल्या बागेला ते ठीक. दिंडोरीच्या दुपारी उघड्या घडाचा मणी हवेपेक्षा दहा-बारा अंशांनी जास्त तापतो. रंग येणं सोडा, साल भाजते. गेले काही हंगाम आम्ही सकाळच्या उन्हाची बाजूच मोकळी ठेवतो, आणि पश्चिमेला तारांवर जुन्या साड्या बांधतो. साड्यांचे गठ्ठे आणायचे, बांधायचे, सोडायचे. मजुरी सगळी पदरची. तुमचे पाहुणे बाग बघायला आले की त्या साड्यांचे फोटो हौसेनं काढतात. दरात त्या कुठंच नाहीत.

आणि गेट. पहाटे हेडलाइट बांधून खुडलेला माल सकाळी आठला गेटवर पोचतो आणि दुपारी एकला काट्यावर चढतो. रात्रीचा गारवा राखण्यासाठी जास्तीची मजुरी मोजायची, आणि तो गारवा तुमच्या पत्र्याच्या शेडबाहेर सांडायचा. वजन घटतं ते वेगळंच.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. रसात दर लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल बनतं. साखर जास्त चढली की वाइन साडेचौदा-पंधरावर जाते, चवीला जळजळीत लागते, ग्राहकाला नको असते. पीएच ३.४ असताना वाइन टिकवायला जेवढं सल्फर पुरतं, तेवढ्याच परिणामासाठी ३.८ ला साधारण अडीचपट लागतं. टार्टारिक आम्ल विकत आणून घालावं लागतं. हा खर्च खरा आहे. पण तो उन्हाचा खर्च आहे, आणि ऊन दोघांच्याही वर तापतंय. तो वाटून घेण्याची भाषा करारात एका ओळीनंसुद्धा नाही, एवढंच माझं म्हणणं.

"छाटणी मागं-पुढं करून बघा" हा सल्लाही ऐकून झाला. ऑगस्टअखेर छाटावं तर कोवळ्या फुटीवर पावसात डाऊनी ही बुरशी. परतीचा पाऊस आता ऑक्टोबरातही पिच्छा सोडत नाही. उशिरा छाटावं तर माल थेट मार्चच्या तोंडात. मधली फट दरवर्षी अरुंद होतेय.

आता सरकारकडे वळते. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय झाला तेव्हा महिनाभर राज्यात दुसरा विषय नव्हता. वाइन दारू आहे की नाही, कोण पिणार, कुठं मिळणार, यावर सगळे बोलले. समर्थन करणारे दर वाक्याला शेतकऱ्याचं नाव घेत होते. त्या शेतकऱ्याच्या बागेत फेब्रुवारीत काय होतंय, ते विचारायला कुणी आलं नाही. वाद विझला, आमचं नावही विझलं.

हवामान आधारित फळपीक विम्यात द्राक्षाचा विचार होतो तो अवकाळी पाऊस, थंडी आणि गारपिटीपुरता. ते हवंच, नोव्हेंबर २०२३ अखेरची गारपीट निफाडकर अजून विसरलेले नाहीत. पण पिकण्याच्या काळातल्या उष्णतेनं वजन आणि प्रत दोन्ही गेली, तर ते नुकसान विम्याच्या लेखी घडतच नाही. मोजमाप होतं महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर, जे बागेपासून कोसांवर, बहुधा वेगळ्या उंचीवर असतं.

जातींचा प्रश्न त्याहून मोठा आहे, कारण आज लावलेली वेल पंधरा वर्षं तरी उभी राहणार. फ्रान्समधल्या बोर्दोसारख्या परंपरेला चिकटलेल्या मुलखानं २०२१ मध्ये सहा नव्या जातींना, त्यांत पोर्तुगालच्या तुरिगा नासिओनालला, मर्यादित प्रमाणात मान्यता दिली. कारण त्यांनी उघड सांगितलं: हवामान तापतंय. फ्रान्सच्याच बरगंडीत बोन गावच्या द्राक्षकाढणीच्या तारखांची नोंद १३५४ पासूनची आहे. १९८८ नंतर तिथली काढणी सरासरी १३ दिवस अलीकडे आली. तिथं साडेसहाशे वर्षांची वही आहे म्हणून बदल नाकारता येत नाही. आपल्याकडे पंचवीस वर्षांच्या काढणीच्या नोंदी वायनरींच्या कपाटात पडून आहेत: कोणत्या बागेचा माल कधी आला, ब्रिक्स किती, आम्लता किती. त्या एकत्र केल्या तर नाशिकच्या वाइन द्राक्षाचं काय होतंय ते स्वच्छ दिसेल. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. रसासाठी 'मांजरी मेडिका'सारखी गडद रंगाची जात त्यांनी दिली. खुंटांचा आणि उष्णतेत आम्ल टिकवणाऱ्या वाइनच्या जातींचा अभ्यास तेच करू शकतात, पण त्यांच्या मोजक्या एकरांवर नव्हे; दिंडोरी, निफाड, चांदवड, इगतपुरी अशा वेगवेगळ्या उंचीच्या आणि मातीच्या बागांत करायला हवा. आम्ही जमीन द्यायला तयार आहोत. वेली जगल्या नाहीत तर त्या तीन-चार वर्षांचं उत्पन्न कोण भरून देणार, ते आधी ठरवा.

आमच्या मागण्या अशा.

वायनरींकडे:

१. पीएचची कपात लावायची असेल, तर काढणीची तारीख दोघांच्या सहीनं ठरावी. ती एकट्या वायनरीनं ठरवायची असेल, तर कपातीचं कलम काढून टाका.

२. नमुना ठरलेल्या कक्षेत आल्यावर ४८ तासांत माल उचलावा. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाची वजनातली घट वायनरीनं भरून द्यावी.

३. दर फक्त ब्रिक्सवर नको. साखर, आम्लता, पीएच आणि लाल जातींसाठी रंग, असा एकत्रित दर ठरवा. २२.५ ब्रिक्सला चांगलं आम्ल आणि रंग असलेल्या शिराझला पूर्ण दर मिळाला पाहिजे. त्यानं पोटॅशची शर्यतही आपोआप थांबेल.

४. नमुना ओळीच्या दोन्ही अंगांचा, प्लॉटच्या आतल्या भागातला, शेतकऱ्यासमोर घ्यावा. पद्धत कराराला जोडावी. बागेतला आणि गेटवरचा, दोन्ही अहवाल त्याच दिवशी मोबाइलवर मिळावेत.

५. रात्रीच्या खुडणीची जादा मजुरी निम्मी-निम्मी. माल गेटवर आला की एका तासात वजन, आणि उभं राहायला सावली.

सरकारकडे:

६. वाइनवरच्या व्हॅटचा मोठा हिस्सा प्रोत्साहन म्हणून वायनरींना परत मिळतो. तो पैसा जनतेचा आहे. वर लिहिलेल्या किमान अटी करारात असतील त्यांनाच तो मिळावा, आणि काढणीच्या नोंदी शेतकऱ्याचं नाव वगळून संशोधन केंद्राला देणं बंधनकारक करावं.

७. वाइन द्राक्षाच्या विम्यात जानेवारी ते मार्चच्या कमाल आणि रात्रीच्या किमान तापमानाचा निकष घ्यावा, आणि तापमान बागांच्या पट्ट्यातच मोजावं.

८. जाती आणि खुंटांच्या चाचण्या शेतकऱ्यांच्या बागेत, उत्पन्नाची हमी देऊन, येत्या वर्षभरात सुरू कराव्यात.

यातली एकही मागणी दर वाढवून द्या अशी नाही, हे लक्षात घ्या. तो विषय वेगळा, त्यासाठी वेगळं भांडू.

आत्ता खरड छाटणी (नव्या काड्यांसाठीची) चालू आहे. गोडी छाटणीचा निर्णय घ्यायला आम्हाला ऑगस्टपर्यंत वेळ आहे, आणि तोवर मसुद्यावर सही करायची नाही असं आमच्या गावातल्या वाइनच्या बागायतदारांनी ठरवलंय. जून महिन्यात एक बैठक बोलवा. वायनरीच्या सभागृहात नको. आमच्याकडे द्राक्षाचं पॅकिंग शेड आहे, तिथं या. वाइनमेकरला सोबत आणा, हिशोबनीसांनाही. मागच्या पाच हंगामांचे आमच्या मालाचे आम्लतेचे आणि पीएचचे आकडे आणायला मात्र विसरू नका.

आपली,
दिंडोरी तालुक्यातील एक वाइन द्राक्ष उत्पादक